फुल कंडक्टर, सेमी कंडक्टर

माझे बाबा एसटीत कंडक्टर होते. माणसांकडे संशयानं पाहणं हा त्यांचा स्वभाव होता की नोकरी, हे आम्हाला घरात कधी कळलं नाही. ड्युटी संपवून घरी आले तरी डोळे ड्युटीवरच असायचे. पाहुणा चहा प्यायला बसला की ते आधी त्याच्या पिशवीकडे बघायचे आणि मग तोंडाकडे. त्यांचा एक ठाम सिद्धांत होता. "ज्यानं तिकीट काढलं, तो कंडक्टरकडे पाहते. ज्यानं नाई काढलं, तो खिडकीबाहेर पाहते." आम्ही भावंडं अभ्यासाच्या वेळी खिडकीबाहेर बघायलाही घाबरायचो.

जिल्हा फुटून गोंदिया वेगळं झालं, तेव्हा यात कोणाचा तरी डाव आहे असं बाबांचं मत होतं. कोणाचा, ते त्यांना शेवटपर्यंत सांगता आलं नाही. त्यानंतर काही वर्षांनी मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा घेऊन भंडाऱ्यात घरी बसले होते. एक दिवस पेपरात जाहिरात आली. जवळच शहापूरला हायवेवर नवीन कंपनी, सेमीकंडक्टर आणि सॉफ्टवेअरची, आणि तिला डिप्लोमा झालेली मुलं-मुली पाहिजेत. बाबांनी चष्मा लावून जाहिरात दोनदा वाचली.

"सेमी कंडक्टर? म्हंजे अर्धा? जिल्हा अर्धा केला, आता कंडक्टरही अर्धे करून राहिले काय?"

मी हसले, पण ते हसत नव्हते. ते पेपर घेऊन डेपोत गेले. तिथं चर्चा अशी झाली की महामंडळ खासगी कंपनीकडून निम्म्या पगाराचे कंडक्टर भरणार आहे. पुढं मी त्या कंपनीत लागल्यावर अर्जांची फाइल माझ्याकडे आली, तेव्हा तिच्यात डेपोतल्या तिघांच्या मुलांचे अर्ज निघाले. तिघांनीही कंडक्टरच्या बिल्ल्याची झेरॉक्स जोडली होती. मी सेमीकंडक्टर म्हणजे काय हे बाबांना कितीतरी वेळा समजावलं. वीज काही वेळा जाऊ देणारा आणि काही वेळा न जाऊ देणारा पदार्थ, असं सांगितलं. ते म्हणाले, "मंग तो पक्का बेभरवशाचा." तेव्हापासून घरात ते फुल कंडक्टर आणि मी सेमी कंडक्टर.

कंपनी म्हणजे एका बंद पडलेल्या राईस मिलचं गोदाम होतं. आतून पांढरा रंग, एसी, काचेची दारं. धुराडं नाही, भोंगा नाही, दारात ट्रक नाही. कारखाना म्हटल्यावर लोकांना जे जे दिसायला हवं असतं, त्यातलं काहीच नव्हतं. शिवाय आम्ही बाहेर चपला काढायचो, पांढरे कोट घालायचो आणि मनगटाला पट्टा बांधून त्याची वायर टेबलाला लावायचो. अंगातल्या विजेनं चिप खराब होऊ नये म्हणून हा पट्टा. गावात मात्र बातमी अशी की कंपनी पोरींना बांधून ठेवते. आईनं महिनाभर माझी मनगटं तपासली.

कंपनीचे साहेब भंडाऱ्याच्याच एका जुन्या विणकर घरातले. घरचे हातमाग बंद पडत चालले तेव्हा ते बंगळूरला गेले, चिपची रचना करायला शिकले आणि बरीच वर्षं दुसऱ्यांसाठी रचना करून परत आले. सुरुवातीला घराच्या मागच्या दोन खोल्यांत चार कॉम्प्युटर होते. पहिली चिप साफ फसली. मग दोन वर्षं मोठ्या कंपन्यांच्या रचना तपासून देण्याची कामं घेतली, त्यावर पगार भागवले आणि दुसऱ्यांदा चिप काढली. हे सगळं त्यांनी मला मुलाखतीत सांगितलं, आणि सांगताना ते पूर्ण वेळ खिडकीतून हायवेकडे बघत होते. मी मनात नोंद केली.

या धंद्याची रीत मला आधी पटलीच नाही. चिप आम्ही काढायचो म्हणजे तिचा नकाशा काढायचो. तो नकाशा देशाबाहेर जायचा, तिथं चिप घडायची, आणखी एका ठिकाणी तिला काळं कवच चढायचं आणि मग कुरियरनं चक्रीवर गुंडाळून ती आमच्याकडे यायची. आम्ही ती सर्किटच्या पट्टीवर जोडायचो, तपासायचो आणि तिच्यात सॉफ्टवेअर भरायचो. सॉफ्टवेअर पुण्यातल्या चार जणांचा गट लिहायचा.

"म्हंजे चिप बाहेर बनते, सॉफ्टवेअर पुण्यात बनते," बाबा म्हणाले. "मंग शहापूरले काय बनते?"

प्रश्न माझ्याही डोक्यात बसला. दुसऱ्यांच्या चिपा घेऊन त्यांच्या पाठीवरचं नाव घासायचं आणि आपलं छापायचं, असा धंदा चालतो हे मी ऐकून होते. म्हणून एकदा तपासणीत बाद झालेली चिप मी भिंगाखाली धरली. पाठीवर घासल्याची खूण नव्हती. मग ती फोडून आतला तुकडा पाहिला. त्या नखाएवढ्या तुकड्याच्या कोपऱ्यात एक बारीक आकृती होती, दोन्ही टोकांना निमुळती. विणकराचा धोटा. रचना करणारे लोक कोपऱ्यात आपली खूण सोडतात, हे मला नंतर कळलं. साहेबांनी वडिलांच्या मागावरचा धोटा सोडला होता. मला माझी लाज वाटली, पण ती फार दिवस टिकली नाही.

ही दुसरी चिप धानाचा ओलावा मोजायच्या यंत्रासाठी होती. आमच्याकडे धान वाळलं की नाही हे दाताखाली दाणा धरून ठरतं. कडकन मोडला तर वाळला, दबला तर ओला. पण सरकारी खरेदी केंद्रावर दातांना कोण विचारतो? तिथं यंत्र जो आकडा दाखवील तो खरा, आणि तो सतरा टक्क्यांच्या वर गेला की धान परत. बाहेरून येणारी यंत्रं आमच्या धानावर नीट चालत नाहीत अशी सगळ्यांची तक्रार होती. साहेबांचं म्हणणं, आपल्या जिल्ह्याच्या धानावर शिकलेलं यंत्र आपण बनवू.

यंत्राला शिकवायला नमुने हवेत, आणि कंपनीत शेतातलं नातं फक्त मला होतं. साकोलीजवळच्या एकोडीला माझे मामा राहतात. मामांची तीन एकर शेती, तलावाच्या पाण्यापासून दूर, उंचावरची. त्या हंगामात मी मामांच्या सायकलवर मागे बसून गावोगाव फिरले, कापडी थैल्यांत धान भरून आणलं आणि प्रत्येक थैलीवर मार्करनं धानाचा प्रकार लिहिला. शहापूरला भट्टीत दाणे सुकवून खरा ओलावा काढला आणि सगळा तक्ता पुण्याला पाठवला. मामांना या कामाचा फार अभिमान वाटायचा. ते रस्त्यात कोणालाही थांबवून सांगायचे, "हे माही भाची. सरकारी काट्यावरची मशीन बनवून राहिली." दर वेळी परत निघाले की ते मला स्टँडपर्यंत सोडायला यायचे आणि बसमध्ये चढून कंडक्टरला बजावायचे, "बाईले नीट बसवा, फुल कंडक्टरची पोरगी होय."

पुढच्या दिवाळीनंतर आमची यंत्रं काही खरेदी केंद्रांवर लागली. एकोडीकडच्या केंद्रावर पहिलं धान मामांनीच नेलं. आपल्या बाईची मशीन आहे, पहिला मान आपला, असं म्हणून त्यांनी गावातले सात-आठ जण सोबत घेतले होते. यंत्रानं अठरा दाखवलं. मामांनी धान घरी आणलं, आणखी दोन दिवस उन्हात ताडपत्रीवर पसरलं आणि परत नेलं. परत अठरा. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला.

"बाई, तुही मशीन मले ओळखत नाई काय?"

ते हसत बोलले, पण आवाज हसण्याचा नव्हता. मी रजा टाकून गेले. ताडपत्रीवरून दाणा उचलून दाताखाली धरला. कडकन मोडला. दुसरा घेतला, तोही. हे धान अठराचं नव्हतंच.

पंधरा दिवस मामा अशा फेऱ्या मारत राहिले. तोवर तलावाखालच्या मोठ्या शेतांतलं धान केंद्रावर यायला लागलं होतं. आमच्याकडे लवकर येणाऱ्या धानाला हलका धान म्हणतात आणि उशिरा येणाऱ्याला भारी. हलका धान कोण लावतो, तर ज्याला पाणी पुरत नाही तो. भारी लावतो ज्याच्याकडे तलावाचं पाणी आहे, मोठं शेत आहे आणि केंद्रावर दोन ओळखी आहेत. मी परत रजा टाकून गेले आणि केंद्रावर उभी राहून पाहिलं. मोठ्यांच्या भारी धानाचा दाणा दाताखाली दबत होता आणि यंत्र त्याला सोळा दाखवत होतं. लहानांचा हलका धान परत जात होता. एखाद-दुसरा नाही, एकजात सगळा.

चूक असती तर कधी याच्या बाजूनं गेली असती, कधी त्याच्या. ही नेमकी एकाच बाजूनं जात होती. मला मग एकेक गोष्ट आठवायला लागली. चार दिवसांपूर्वी एक बडे राईस मिलवाले पांढऱ्या गाडीतून साहेबांकडे आले होते. दार लावून दोघं तासभर बोलले. चहा घेऊन मी आत गेले तेव्हा दोघं गप्प झाले, आणि साहेब खिडकीबाहेर बघू लागले. सॉफ्टवेअर पुण्याला होतं. त्यात कोणी काय भरलं, हे शहापूरला कोणालाच दिसत नव्हतं. माझ्या अंगाची लाही झाली. माझ्या हातांनी जोडलेल्या पट्ट्या, माझ्या मामांच्या सायकलवरून आणलेले नमुने, आणि त्यावर यांनी मोठ्यांची सोय केली.

ताडपत्रीशेजारी मामा बसले होते. मी त्यांना सांगून टाकलं, "मामा, मशीन लबाड आहे. कोणाच्या तरी सांगण्यावरून तिला तसं बनवलं."

मामांनी मान हलवली. काही विचारलं नाही. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट सगळ्या गावात झाली होती. दुसऱ्या दिवशी लोकांनी केंद्रावर ते यंत्र पोत्यांच्या मागं ठेवून दिलं आणि जुनं यंत्र मागितलं. जुनं आधीच परत गेलं होतं. शेवटी मामांनी कंटाळून धान खासगी व्यापाऱ्याच्या दारात टाकलं, पडेल त्या भावानं. ज्यांना ते आपल्या बाईची मशीन दाखवायला घेऊन गेले होते, त्यांनीही तेच केलं.

मी शहापूरला परतले आणि चोरासारखं काम सुरू केलं. शिल्लक थैल्यांतलं धान यंत्रात टाकायचं, मग भट्टीत सुकवायचं, दोन्ही आकडे वहीत लिहायचे. साहेब जवळून गेले की वही कोटात. आठ दिवसांत चित्र स्वच्छ झालं. हलका धान खऱ्यापेक्षा ओला दिसत होता, भारी खऱ्यापेक्षा वाळलेला. दोन्हींच्या मधे येणारा मध्यम धान बरोबर. मी ती वही बाबांसमोर ठेवली. मला वाटलं होतं ते टाळी देतील. सगळ्या जगावर संशय घेणारा माणूस, आणि मी त्यांना पुरावा आणून दिला होता.

बाबांनी वही पाहिली आणि विचारलं, "तुही ट्रे पायली?"

"कोणती ट्रे?"

मग त्यांनी तुमसरकडच्या रूटवरची एक गोष्ट सांगितली. नाकाडोंगरीच्या अलीकडे जंगलात एक म्हातारी बसमध्ये होती. तिकीट दाखव म्हटलं तर तिच्याकडे नव्हतं, आणि ती खिडकीबाहेर बघत होती. बाबांनी तिला भर उन्हात उतरवलं. पुढच्या स्टॉपवर तिकिटांची ट्रे चाळली, तर तिचं तिकीट ट्रेमध्येच, फाडलेलं पण द्यायचं राहिलेलं. "त्या दिवसापासून मी कोणाले चोर म्हनाच्या आधी आपली ट्रे पायतो. तू पाय, मंग बोल."

मी म्हटलं, बाबा, ही बस नाही. त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या खोलीत गेले, दार लावलं आणि वही टेबलावर टाकली. जे बोलायचं होतं ते बोलले. मिलवाले, पांढरी गाडी, मोठ्यांची सोय, सगळं. साहेबांनी एकेक पान शांतपणे पाहिलं. या वेळी ते खिडकीबाहेर बघत नव्हते.

"ते मिलवाले तक्रार घेऊन आले होते," ते म्हणाले. "आमच्याच मशीननं मोजून घेतलेला धान त्यांच्या गोदामात गरम झाला. बाहेर बोललो तर कंपनी बसंल म्हणून दार लावलं होतं. तेव्हापासून मी चिपच तपासून राहिलो. चिप तर बरोबर आहे."

मग त्यांनी पुण्याला फोन लावला आणि तो स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. पलीकडे सॉफ्टवेअर लिहिणारी मुलगी होती. साहेबांनी विचारलं, हलक्या धानाला काय करता?

"ते सुरुवातीपासूनच आहे की, सर," ती म्हणाली. "मोजायच्या कपामध्ये वजनाला हलकं धान असेल तर यंत्राला कमी ओलावा जाणवतो, म्हणून आम्ही थोडा वाढवून देतो. वजनाला भारी असेल तर कमी करतो. तुमच्याच तक्त्यात तसे रकाने आहेत ना, लाइट आणि हेवी?"

साहेब माझ्याकडे वळले.

"मॅडम, हलका धान म्हणजे वजनाला हलका नाही काय?"

भंडाऱ्यात जन्मलेला माणूस, पण विणकराच्या घरचा. त्यांना सूत किती नंबरचं हे हात लावून कळत होतं. धानाचा हलका-भारी त्यांना कोण सांगणार? पुण्याच्या मुलीला कोण सांगणार? सांगणारी एकटी मीच होते. पुण्याहून इंग्रजी तक्ता मागितला होता, आणि मी थैल्यांवरचे शब्द एका बैठकीत इंग्रजीत उतरवले होते. हलका म्हणजे लाइट. भारी म्हणजे हेवी. त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नव्हतं. मोजण्याआधी यंत्राच्या पडद्यावर धानाचा प्रकार निवडावा लागायचा, तिथं पुण्याच्या गटानं त्याचं परत मराठी केलं, हलका आणि भारी, त्यामुळे केंद्रावरच्या कोणालाही शंका आली नाही.

साहेबांनी तो तक्ता काढून माझ्यासमोर ठेवला. हातानं लिहिलेला कागद होता. खाली माझी सही. मी खिडकीबाहेर बघू लागले.

त्यांनी मला काढलं नाही. रागावलेही नाहीत, आणि ते मला जास्त लागलं. पुण्याच्या मुलीनं रकान्यांची नावं बदलून लवकरचा आणि उशिराचा असं केलं आणि वजनाचा हिशेब यंत्रालाच स्वतः करायला लावला. आम्ही केबल घेऊन प्रत्येक केंद्रावर गेलो. त्या दिवसापासून कंपनीत नियम झाला की गावाचा शब्द इंग्रजीत जाण्याआधी दोघांनी वाचायचा, आणि त्यातला एक शेतातला हवा. पुढं ती चिप दूध आणि मोहफुलं तपासायच्या यंत्रांतही गेली. कंपनी वाढली, गोदामाला वर मजला आला.

एकोडीचं केंद्र मी मागून घेतलं. यंत्र दुरुस्त केलं आणि तडक मामांकडे गेले. जयभीम केला, पाणी प्यायले आणि तो कागद त्यांच्या हातात दिला. म्हटलं, मामा, कोणी लबाडी केली नव्हती. चूक माझी होती. मी हलक्याचं लाइट लिहिलं. मी तुम्हाला सांगितलं ते खोटं होतं.

मामांनी कागद उन्हात धरून पाहिला. इंग्रजी त्यांना येत नाही, पण माझी सही ते ओळखतात. आईच्या वतीनं मी त्यांना पत्रं लिहायचे, त्यांवर ती ते माझ्या लहानपणापासून पाहत आले होते.

"अक्षर तुहं आहे, हे मी मानतो," ते म्हणाले. "पन लिवून कोणं घेतलं?"

"कोणीच नाही मामा. मीच लिहिलं."

"बरं."

मी परत पहिल्यापासून सांगितलं. यंत्र समोर ठेवून त्यांच्या घरचे शिल्लक दाणे टाकून दाखवले. पंधरा आलं. मामांनी एक दाणा दाताखाली मोडला आणि म्हणाले, आता खरी बोलून राहिली. मामीनं भाकर वाढली.

निघाले तेव्हा मामा नेहमीसारखे स्टँडपर्यंत आले. बस लागली. ते माझ्यासोबत वर चढले, कंडक्टरला तेच बजावलं आणि उतरायच्या आधी माझ्याकडे वाकून हळूच बोलले.

"बाई, तू मनाले लावून घेऊ नको. त्यायनं सांगतलं तसं तुले बोलाच लागंल, नोकरी आहे. मले खरं मालूम आहे. तू पहिल्यांदा सांगतलं तेच."

माझ्या डोक्यावर हात ठेवून ते उतरले. बस सुटली. मी खिडकीबाहेर बघत राहिले, आणि कंडक्टरला दोनदा तिकीट विचारावं लागलं.